रकाना सात

संपादकांनी सांगितलं, "कचेरीतल्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं बरं वाटतं." आमचे अण्णा म्हणाले, "अनुभव लिहायचे ते पेन्शनीत. तुझं वय सत्तावीस, नोकरी सात वर्षांची. तुला कसले आलेत अनुभव?" बरोबर आहे. पण पेन्शनीपर्यंत थांबलो तर हे सगळं मलासुद्धा गमतीचं वाटायला लागेल, याची मला भीती आहे. आमच्याकडच्या जुन्या लोकांचं तसं झालेलं मी रोज बघतो. म्हणून आत्ताच लिहितोय. लिहितोय कसला, मशीनवर बडवतोय. माझी बोटं डोक्याच्या पुढं पळतात. त्यानं काय झालं तेच सांगायचंय.

मी मुळशी भागातल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक आहे. कुठल्या ते विचारू नका, नोकरी अजून चालू आहे. कचेरीत मराठी मशीन एकच, ते माझ्यापुढं. कामाला आलेली माणसं खिडकीशी उभी राहून बघायची. एकदा एक म्हातारा म्हणाला, "आयला, भात कांडल्यागत कागद कांडतोय की ह्यो!" झालं, तेव्हापासून मी 'कांडपसायेब'. मला राग नव्हता. उलट छाती फुगायची. माझ्याइतकं भराभर कुणी कांडत नव्हतं.

काम विहिरींचं. म्हणजे विहिरींच्या कागदांचं. लोक म्हणतात, माझी जमीन, मी खणीन, सरकारचा काय संबंध? खरंच आहे. जमिनीखालच्या पाण्याला मालक एकच, ज्याची जमीन तो. पण आमच्या मावळात दहा हातांवर काळा कातळ लागतो. तो फोडायला सुरुंगाची दारू लागते, विहीर बांधायला सिमेंट लागतं, उपसायला इंजिन लागतं, आणि परवान्याशिवाय यातलं काही हाती लागायचं नाही. म्हणजे सरकारनं पाण्याला हात न लावता दारूला नि सिमेंटला हात घातलेला. जागेचा दाखला असेल तर परवाना, नाहीतर बसा पहार मारत. दाखल्यासाठी ओव्हरसियर जागेवर जाणार, साखळी टाकून मोजणार, आणि पाचशे फुटांच्या आत दुसरी विहीर निघाली तर अर्ज नामंजूर. एकाच्या विहिरीनं दुसऱ्याची आटू नये, एवढंच.

फॉर्मला रकाने अकरा. सातवा असा: 'पाचशे फुटांच्या आतील अन्य विहिरी, सर्व्हे नंबरसह.' काही नसलं की आम्ही लिहितो 'निरंक'. कचेरीचा फार लाडका शब्द. 'काही नाही' म्हटलं तर समोरचा विचारतो, खरंच नाही का हो? 'निरंक' म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

गमती झाल्याच नाहीत असं नाही. भुकूमच्या एका नानांनी अर्ज केला. आमचे ओव्हरसियर तावडे साखळी घेऊन शेतात गेले. मधोमध पेंढा पसरलेला. तावडे त्यावर पाय ठेवणार तेवढ्यात नाना बोंबलले, "सायेब, तितं नगा! तितं विहीर हाय!" तिघा भावांनी दोन वर्षं पहारी मारून विहीर खणून ठेवली होती, पाणीही लागलं होतं. फक्त बांधायला सिमेंट पाहिजे होतं. तावडे म्हणाले, "मग नाना, ही तर पाचशे फुटांच्या आत आली की. तुमच्याच विहिरीमुळं तुमचाच अर्ज नामंजूर."

"आवं पर ती न् ही येकच हाय!"

"कागदावर दोन आहेत."

नाना चार दिवस आमच्या पायरीवर येऊन बसले. पाचव्या दिवशी तावड्यांना दया आली. मी सातव्या रकान्यात टाइप केलं, निरंक. भरलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहून केलेला निरंक! आठवडाभर आम्ही हसत होतो. चहा प्यायचा नि हसायचं. आता हसू येत नाही, कारण लगेच पुढच्या हिवाळ्यात सोपानरावांचा अर्ज आला.

सोपानराव मुठ्याचे. भाताची चांगली खाचरं, पण भात कापलं की जमीन पावसापर्यंत मोकळी. "पावसाळ्यात उंबऱ्यापाशी बेडूक येत्यात सायेब, आन शिमग्याला पानी मोजून प्यायचं," असं ते म्हणायचे. त्यांना उन्हाळी कांदा नि भाजी करायची होती, पुण्याला पाठवायची होती. माणूस सरळ. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरून जागा दाखवली होती, अगदी डोंगराच्या पायथ्याला. नारळ ताडकन उभा राहिला म्हणे, आणि पाणाड्या म्हणाला, "वरनं धार येतीया." वर काय आहे हे कुणी विचारलं नाही.

वर कातकऱ्यांची वाडी होती. अकरा खोपट्या.

पाहणीला मी हट्टानं गेलो. टंकलेखकाचं तिथं काही काम नसतं, पण मला कागदावरची विहीर जमिनीवर कशी दिसते ते बघायचं होतं. मार्गशीर्षातली गोष्ट. पिरंगुटपर्यंत एस.टी., पुढं खिंड चढून मुठा खोऱ्यात उतरलो. तावडे पन्नाशीचे, गुडघे दुखणारे. कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत, भाकरी घरून बांधून आणायचे. दिवसभर आम्ही साखळी टाकली. दुसरं टोक मी धरलं होतं नि मला केवढं भारी वाटत होतं! डोंगराकडं मोजत गेलो. साडेतीनशे फुटांवर एक उंबर लागला. सावली दिसली म्हणून तिथंच बसलो जेवायला.

उंबराच्या मुळांतून झिरा येत होता. मनगटाएवढी धार. खाली दगडाची लहानशी डोणी, आणि तिथं एक बाई हंडा भरत होती. ठमी तिचं नाव. ती दोन लोटे भरून पुढं ठेवून गेली. मग तिचा नवरा आला, भिवा. चाळिशीचा, काटकुळा, दंडावर पहारीच्या कामाच्या गाठी.

"प्या सायेब. आमच्याकडं द्यायला ह्येच हाय."

पाणी गार, जरासं तुरट. तावडे तीन लोटे प्यायले. "उन्हाळ्यात आटत नाही का रे?"

"न्हाई जी. माज्या आज्यानंबी आटल्यालं बगितलं न्हाई. उंबर हाय तवर पानी हाय." मग हसून म्हणाला, "डोळं बांदून कुटलंबी पानी द्या मला, ह्ये मी वळकीन."

मी पण दोन लोटे प्यायलो. बाटलीत भरूनही घेतलं.

सोमवारी तावड्यांचं टिपण माझ्यापुढं आलं. मी सुसाट. रकाना एक, दोन, तीन... सातव्याला बोटं थांबली. खरंच थांबली, हे मला लख्ख आठवतं.

"तावडेसाहेब, तो झिरा?"

"झिरा म्हणजे विहीर का?"

"नाही."

"बांधीव आहे? सर्व्हे नंबर आहे?"

"वाडी रानाच्या हद्दीत. नंबर कुठला?"

"रकाना काय विचारतोय?"

"अन्य विहिरी. सर्व्हे नंबरसह."

"मग?"

मग काय. निरंक. पाच टिचक्यांचं काम. शेऱ्याचा रकाना अकरावा, तिथं एक ओळ टाकता आली असती. पण मला त्या दिवशी नऊ फॉर्म संपवायचे होते, आणि मी संपवले. रावसाहेब, म्हणजे आमचे मुख्य, खिडकीतून म्हणाले, "वा रे कांडपकर!"

विहीर खणायला सोपानरावांनी वाडीचीच माणसं लावली. कातळात पहारीनं सुरुंगाची भोकं पाडायचं काम त्यांच्याइतकं चिवट कुणी करत नाही. भिवा मुकादम. पौष, माघ, फाल्गुन असे तीन महिने ती माणसं रोज सकाळी डोंगर उतरून यायची, कातळ फोडायची नि संध्याकाळी चढून जायची. सिमेंट टप्प्याटप्प्यानं सुटायचं, त्यासाठी खोली तपासावी लागायची. बत्तीस फुटांवर तपासणीला तावडे निघाले, मीही निघालो. पोचलो तेव्हा सुरुंग भरून झाले होते. सगळे लांब जाऊन बसले. दणका झाला. धुरळा खाली बसला तसा भिवा शिडीवरून उतरला. खालून ओरडला, "पानी! पाटील, पानी!"

काय आरडाओरडा झाला! सोपानरावांच्या डोळ्यांत पाणी. नारळ फुटला, गूळ वाटला. बायका काठावरून वाकून बघायला लागल्या. खाली भिवानं ओंजळ भरून तोंडाला लावली. मी वरून बघत होतो. तो प्यायला नि तसाच उभा राहिला, ओंजळ धरून. परत प्यायला. मग वर आला.

"पाटील, ह्ये आमचं पानी हाय."

"का रं भिव्या? तुजं नाव लिवलंय व्हय त्याच्यावर?"

सगळे हसले. मीही हसलो.

"उंबराची चव हाय त्याला."

"गूळ खा, गप. चव बदलंल."

भिवानं गुळाचा खडा घेतला नाही. तो डोंगर चढायला लागला, आणि चढता चढता पळायला लागला. त्याच्या मागं मी. तावडे ओरडले, "अरे, तू कुठं चाललास?" पण मला राहवलं नाही.

उंबराखाली ठमी उभी होती, अर्धा हंडा घेऊन. डोणीच्या वर नुसता ओला डाग. "चार दिस झालं, बारीक व्हत व्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "तू दमून यायचा, म्हून बोलली न्हाई. आता दनका ऐकला आन धार तुटली."

भिवानं मुळाशी हात घातला. ओल्या मातीचा हात बाहेर आला. त्यानं तो पुसला नाही. मी म्हणालो, "अर्ज कर. कचेरीत ये. मी लिहून देतो." एवढं मात्र मी केलं. तो आला, वाडीतल्या आठ माणसांना घेऊन. मी अर्ज टाइप केला, सगळ्यांचे अंगठे घेतले.

रावसाहेबांनी विचारलं, "पुरावा काय? चव हा पुरावा होत नाही."

भिवा म्हणाला, "तूस टाकून बगू."

आमच्याकडं भातखाचराच्या बांधाला खेकडा बीळ पाडतो नि पाणी गुपचूप निघून जातं. कुठून जातं ते दिसत नाही. मग भाताचं तूस पाण्यात सोडायचं. तूस तरंगत जातं नि जिकडून पाणी जातंय तिकडून बाहेर पडतं. ही तिथली रीत, कुठल्या खात्याची नव्हे. रावसाहेब पुण्याचे, त्यांना हे नवीन. पण त्यांनी परवानगी दिली. माणूस वाईट नव्हता.

पण वर झिऱ्यात ओतायला पाणी होतं कुठं? ते सोपानरावांच्या विहिरीतूनच घ्यावं लागलं. "घ्या की," सोपानराव म्हणाले, "बगू द्या येकदाचं." त्यांची खात्री होती की काही निघायचं नाही. वाडीच्या बायकांनी सकाळपासून हंडे वाहिले. खाली भरायचे, साडेतीनशे फूट चढायचं, मुळाशी जी भेग पडली होती तिच्यात तुसाबरोबर ओतायचं, परत खाली. ज्या पाण्यासाठी भांडण, तेच पाणी डोक्यावरून वर न्यायचं नि ओतून द्यायचं! साठ हंड्यांपर्यंत मी मोजले, पुढं मोजवेना. ठमी सगळ्यांच्या पुढं.

आम्ही विहिरीच्या काठावर बसलो. सोपानराव, तावडे, मी. तास गेला, सव्वा तास गेला. सोपानरावांनी विडी पेटवली. "चला, जेवून घ्या सायेब. ह्ये खूळ हाय."

मग कातळाच्या चिरेतून एक तूस आलं. एकच. पाण्यावर फिरत राहिलं. मग तीन. मग मूठभर.

सोपानराव शिडीनं खाली उतरले. तळहातावर चार तुसं घेऊन वर आले. भिवा डोंगरावरून उतरून समोर येऊन उभा होता.

"आता मी काय करू रं भिवा?" यावेळी ते 'भिव्या' म्हणाले नाहीत. "बुजवू व्हय विहीर? माजी दोन बैलं गेली हिच्यापायी."

"बुजवा म्हनत न्हाई पाटील. पर आमी कुटनं प्यायचं?"

"हितनं न्या की. मी कवा न्हाई म्हनलं?"

तावड्यांनी अहवाल प्रामाणिकपणे लिहिला: 'तूस आढळले.' रावसाहेबांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. पुढ्यात माझाच फॉर्म.

"सातव्या रकान्यात निरंक आहे," ते म्हणाले. "झिऱ्याचा एका अक्षरानं उल्लेख असता, अगदी शेऱ्यात, तर मी इंजिनाचा परवाना अडवला असता. वाडीसाठी काही अट घातली असती. आता मी कशाच्या आधारावर अडवू? पाहणीच्या वेळी झिरा होता, हे कोण सांगतंय? नंतर उकरलेला नाही कशावरून?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही गेला होता ना तिथं?"

तावड्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना पेन्शनीला चार वर्षं होती. मी कायमसुद्धा झालो नव्हतो.

मी म्हणालो, "मी पाहणीला नव्हतो, साहेब. नुसता सोबत होतो. माझं काम टंकलेखनाचं."

खोटं एक अक्षर नाही बघा त्यात. बाहेर आल्यावर तावडे माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. त्यांना राग आला होता की लाज वाटत होती, की मी त्यांना वाचवलं म्हणून बरं वाटत होतं, ते मला आजही ठाऊक नाही. ते स्वतःही बोलू शकले असते. आम्ही दोघंही बोलू शकलो असतो. 'सदर दाखला नियमानुसार असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' हे उत्तर मीच टाइप केलं. एकही चूक न करता, पहिल्या फटक्यात.

सोपानरावांनी शब्द पाळला, हे सांगितलंच पाहिजे. वाडीच्या बायका विहिरीवर पाणी भरायच्या. पण वैशाखात इंजिन सकाळपासून चालायला लागलं. कांद्याला पाणी हवं. विहिरीचा तळ दिसला की इंजिन बंद, मग पाझर भरेपर्यंत बायका काठावर बसून राहायच्या. दुपार टळायची. मग भरलेले हंडे घेऊन तो चढ. आधी झिऱ्याला वाट अशी लागत नव्हती, दोन पावलांवर होता, त्यामुळं तुसाचा तो एक दिवस सोडला तर तो चढ पाण्याच्या वजनानं कधी कुणी चढलेलं नव्हतं. मुरुमाची घसरण. ठमी दोन हंड्यांसकट घसरली. खुब्यात पाय मोडला. झोळीत घालून तिला दवाखान्यात आणलं, ती झोळी आमच्या खिडकीसमोरून गेली. मी मशीनवर होतो. भिवा पुढच्या टोकाला खांदा देऊन होता. त्यानं खिडकीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तिचा पाय सरळ झालाच नाही.

पावसाळ्यात उंबराखाली परत पाणी आलं, पण पावसाळ्यात आमच्याकडं दगडालाही पाणी येतं. मार्गशीर्षात डोणी कोरडी. वाडीतली माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जायला लागली. तशी ती दर वर्षी जायची नि परत यायची, पण आता परत येईनाशी झाली. अकरातल्या चार खोपट्या राहिल्या, मग दोन.

भिवा जायच्या आधी कचेरीत आला. मला वाटलं शिव्या देईल. मी मनात तयारी केली होती. त्यानं कमरेचा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. आमचं उत्तर. घडीवर फाटलेलं.

"ह्ये तुमचं. आमी उद्या जातोय. ठमीला चालवंना, पानी कोन आनंल? कागद ठिवायला घर न्हाई ऱ्हायलं."

मी काहीतरी बोलायला गेलो. नियम, रकाना, असलंच काही. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"सायेब, तुमी पानी प्याला व्हता न्हवं तितं? उंबराखाली? ठमीनं दिल्यालं?"

"हो. दोन लोटे."

"मंग झालं." तो उठला. "लोक म्हनत्यात तितं कायबी नव्हतं. मलाबी कवा कवा वाटतं, नव्हतंच का काय."

गेला. नंतर दिसला नाही.

सोपानरावांचा कांदा चांगला आला. पण ते स्वतः त्या विहिरीचं पाणी पीत नाहीत, असं मला एकदा तावडे म्हणाले. पिण्याचं पाणी घरची माणसं दुसरीकडून आणतात. खरं-खोटं मी विचारायला गेलो नाही. तावडे पेन्शनीत गेले. मी कायम झालो. आता अर्जदार आला की मी विचारतो, "वर कोण राहतं?" लोक वैतागतात. एक जण म्हणाला, "वर देव ऱ्हातो, तुमी दाखला द्या." रकाना बदलून मिळावा म्हणून मी दोनदा वर लिहिलं. या वर्षी नवे फॉर्म छापून आले. घाईघाईनं गठ्ठा फोडला. सातवा रकाना तोच. शब्द तेच.

त्या फॉर्मची कार्बनप्रत माझ्याकडं आहे. ती मी बदलू शकत नाही. मूळ कागद फायलीत शिवलेला आहे. पण हा अंक छापला जाईल, घरोघर जाईल, कदाचित मुठ्यातही कुणी वाचेल. म्हणून संपादकांना विनंती, गमती नाहीत म्हणून बाकीचं काय कापायचं ते कापा, एवढं ठेवा:

रकाना सात. पाचशे फुटांच्या आत: झिरा एक, उंबराच्या मुळाशी, बारमाही, मनगटाएवढी धार. चव तुरट. मी तिथं होतो, आणि मी ते पाणी प्यायलो आहे.